वायर ओढणारे आणि पेपर देणारे

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला १ जुलै १९९८ ला. त्याच साली अमेरिकेतल्या सिस्को कंपनीने कॉम्प्युटर नेटवर्किंगची सीसीएनए नावाची परीक्षा सुरू केली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण माझं पोट या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत भरलं, म्हणून हा योगायोग मला सोडवत नाही. जिल्हा झाला तशी कलेक्टर कचेरी आली, जिल्हा परिषद आली, कोषागार आलं, एसपी ऑफिस आलं. कचेऱ्यांमागून कॉम्प्युटर आले. कॉम्प्युटर एकाचे दोन झाले की त्यांना जोडणारा माणूस लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. तो अकोल्याहून एसटीने पातूरचा घाट चढून यायचा, जेवायच्या वेळेला पोचायचा आणि परतीची गाडी धरायची म्हणून चारलाच पेटी आवरायचा. काम उरलं तर पुढच्या खेपेला. (जिल्हा वेगळा झाला तरी जिल्हा मध्यवर्ती बँक आजही अकोल्याचीच आहे. वाटण्या अशाच होतात.)

पुढे ही कामं आम्ही करायला लागलो. आम्ही म्हणजे वाशिमला पाटणी चौकाच्या आसपास, कारंज्याला, रिसोडला, मंगरुळपीरला एकेक गाळा भाड्याने घेऊन बसलेली मूठभर पोरं. आज मागे वळून हिशेब मांडला तर एक विचित्र गोष्ट दिसते. जिल्ह्यात ज्यांनी नेटवर्क उभं केलं त्यांतल्या फार थोड्यांनी ती परीक्षा दिली, आणि ज्यांनी दिली ते जिल्ह्यात राहिले नाहीत. मी पहिल्या गटातला. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांना पहिली वायर सोलायला मी शिकवलं.

ही परीक्षा मुळात कशासाठी निघाली, हे आपल्याकडे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत. १९९० च्या दशकात सिस्को अमेरिकेतल्या शाळांना नेटवर्क बसवून देत होती. जॉर्ज वॉर्ड नावाचा त्यांचा एक इंजिनिअर शाळांमध्ये फिरायचा. त्याच्या लक्षात आलं की नेटवर्क बसवून आपण निघालो की ते चालवायला शाळेत कोणी नसतं, आणि बाहेरून माणूस बोलवायला शाळेकडे पैसे नसतात. त्याने आधी शिक्षकांना शिकवलं, मग थेट विद्यार्थ्यांनाच. पोरं शिकली आणि आपल्या शाळेचं नेटवर्क आपणच सांभाळायला लागली. त्यातून १९९७ मध्ये सात राज्यांतल्या चौसष्ट शाळा घेऊन सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमी सुरू झाली, आणि वर्षभरात सीसीएनए आली. म्हणजे शिकायचं कशासाठी, तर आपल्या घरची वायर आपल्याला दुरुस्त करता यावी म्हणून. वाशिमपर्यंत येता येता या कल्पनेचं जे झालं, तो या लेखाचा विषय.

आमच्याकडे कॉम्प्युटर क्लासचा बाप म्हणजे टायपिंग क्लास. प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एक तरी क्लास असायचा: पत्र्याचं छत, रांगेने मांडलेली रेमिंग्टनची यंत्रं, भिंतीवर मराठी तीस, इंग्रजी चाळीस असे वेगाचे फलक. पुण्याच्या परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र मिळालं की कारकुनीचा अर्ज भरता यायचा. नव्वदीच्या अखेरीस यातल्या बऱ्याच क्लासवाल्यांनी मागच्या खोलीत एक-दोन कॉम्प्युटर मांडले, चपला बाहेर काढायला लावल्या आणि पाटीवर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द वाढवला. २००२ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स आला. सरकारी नोकरीसाठी तो लागू लागल्यावर मागची खोली पुढे आली आणि टाईपरायटर मागे गेले. या कोर्समुळे जिल्ह्याचं भलं झालं, यात मला शंका नाही. खेड्यातल्या मुलींनी माऊस हातात धरला तो तिथेच. पण त्यात कॉम्प्युटर चालवायला शिकवत, जोडायला नाही.

जोडायचं शिक्षण ‘हार्डवेअर-नेटवर्किंग’ या नावाने यायचं, एका दमात म्हटलेलं, जसं काही एकच काम आहे. मुंबईच्या जेटकिंगसारख्या संस्थांनी १९९० नंतर हा शब्द रुजवला. पेपरात पानभर जाहिराती, टाय लावलेला मुलगा, शंभर टक्के नोकरी. त्याच्या नकला अकोला-अमरावतीला गल्लोगल्ली निघाल्या. मी बीकॉम झालो होतो. वडिलांना म्हणालो, अकोल्याला हार्डवेअरचा क्लास लावतो. सोयाबीन नुकतंच बाजार समितीत गेलं होतं, म्हणून विचारायची हिंमत झाली. ते म्हणाले, “वायरमनच व्हाचं होतं त आयटीआय काय वाईट होती बापू?” प्रश्न बिनतोड होता. पुढे केंद्राच्या आयटीआय अभ्यासक्रमातच कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्स हा ट्रेड आला, तेव्हा त्यांनी मला त्याची आठवण करून दिली.

त्या वेळी कचेऱ्यांमध्ये जुन्या पद्धतीची नेटवर्कं अजून शिल्लक होती. टीव्हीच्या केबलसारखी काळी जाड वायर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची, प्रत्येक मशीनमागे इंग्रजी टी आकाराचा जोड, आणि वायरच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमची टोपी. टोपी निघाली किंवा मधला एक जोड सुटला की एक मशीन बंद पडत नसे, सगळी पडत. सकाळी झाडू मारताना जोडाला धक्का लागायचा आणि अकराला आम्हाला फोन यायचा. बिघाड शोधायची रीत ठरलेली: एक फालतू टोपी खिशात ठेवायची, वायर मधोमध तोडून तिथे ती लावायची, अर्धं चाललं की दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचं अर्धं. हे कुठल्याही क्लासमध्ये मला शिकवलं नाही. अकोल्याहून येणाऱ्या त्या पेटीवाल्या मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून मी ते पाहिलं.

मग निळी-करडी आठ तारांची केबल आली आणि तिच्यासोबत आरजे-४५ चा जॅक. इथे जरा थांबतो, कारण प्रमाणपत्रवाला आणि बिनप्रमाणपत्रवाला यांच्यातला खरा फरक मी याच जॅकमध्ये पाहिला. केबलमध्ये चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी पिळलेली. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. नव्या पोराला तारा हातात दिल्या की तो त्या शेजारी-शेजारी लावतो: नारिंगीची जोडी, मग हिरवीची, मग निळीची, मग तपकिरीची. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागतात. मालक खूश, पोरगा खूश. आणि आठ दिवसांनी तक्रार येते की लाईट लागते पण फाईल जात नाही. कारण नियमाप्रमाणे तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर एकाच जोडीच्या दोन तारा हव्यात. म्हणून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मध्ये निळी घुसते आणि हिरवीची जोडी तिला कवेत घेते. हा क्रम मोडला तर एकमेकींशी न पिळलेल्या तारांवरून सिग्नल जातो, शेजारच्या तारेतली गडबड त्यात मिसळते आणि डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. स्वस्तातला टेस्टर फक्त तार जोडली आहे का ते बघतो; कोणाशी पिळली आहे ते त्याला कळत नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी केबल अशा चुकलेल्या निघाल्या, आणि दोष मात्र बिचाऱ्या कॉम्प्युटरवर किंवा व्हायरसवर गेला.

अकोल्याच्या क्लासमध्ये हे एका तासात उरकलं. बाकी सगळे महिने सबनेटिंगमध्ये गेले, कारण परीक्षेत ते होतं. एका नेटवर्कमधले २५६ पत्ते चार भागांत वाटा, प्रत्येकी ६४, पण वापरता येतात ६२, मास्क २५५.२५५.२५५.१९२. मुलांना दोन का कमी होतात ते कळायचं नाही. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा शेताची वाटणी सांगायचो: भावांत वाटण्या केल्या की प्रत्येकाच्या हिश्श्यातून दोन्ही बाजूंचा बांध जातो, वाटण्या जितक्या जास्त, तितकी जमीन बांधात जाते. आमच्या पोरांना हे फळ्यावर लिहूनही दाखवावं लागलं नाही. घरोघरी तेच चाललेलं.

खरा राउटर मात्र बघायला मिळणं मुश्कील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेला माल मिळायचा. सिस्कोचा २५०१ नावाचा जुना डबा तिथून आलेला मी पाहिला आहे. फिकट निळी चपटी केबल त्याच्या कन्सोलला लावायची, कॉम्प्युटरवर हायपरटर्मिनल उघडायचं, वेग ९६०० ठेवायचा आणि एंटर दाबत बसायचं. मिनिटभराने काळ्या पडद्यावर राउटर हा शब्द आणि त्यापुढे एक बाण यायचा, आणि सगळा वर्ग टेबलावर वाकायचा. तो एकच डबा आणि भोवती सगळा वर्ग, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ यायचा ते समजून घ्या. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर पुढे सर्रास मिळायला लागलं तेव्हा ही अडचण सुटली. पडद्यावरच राउटर ओढायचे, पडद्यावरच केबल लावायची. त्यात जॅक कधी चुकत नाही, उंदीर कधी येत नाही.

परीक्षेची भाषा इंग्रजी, केंद्र मोठ्या शहरात, फी डॉलरमध्ये. आमच्या काळातल्या पेपरचा नंबर होता ६४०-८०१, पास व्हायला हजारात ८४९. मुलं हा नंबर जन्मतारखेसारखा सांगायची. केंद्रावर दोन ओळखपत्रं लागत आणि त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळावं लागे. इथे आमच्या पोरांची खरी परीक्षा व्हायची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. मतदार ओळखपत्रावर स्पेलिंग भलतंच. लायसनवर वडिलांचं नाव गायब. पॅन कार्ड काढ, प्रतिज्ञापत्र कर, अशी तयारी अभ्यासाच्या आधी सुरू व्हायची.

आणि मग डंप. जुन्या परीक्षार्थींनी पाठ करून बाहेर आणलेले प्रश्न, उत्तरांसकट, झेरॉक्सच्या गठ्ठ्यात. मी त्याबद्दल गुळमुळीत बोलणार नाही: डंपने हे शिक्षण नासवलं. घोकून पास झालेला मुलगा पुण्याच्या मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला अडकायचा आणि त्याच्यामागून येणाऱ्या प्रामाणिक मुलालाही त्याच नजरेने पाहिलं जायचं. पण डंप घेणाऱ्या पोराला मी पूर्ण दोषही देत नाही. एका फीमध्ये घरचं अर्धं सोयाबीन जात असेल, तर नापास होण्याची चैन कोणाला परवडते? शिवाय पास झालं तरी प्रमाणपत्र तीनच वर्षांचं. मुदत संपली की पुन्हा पेपर, पुन्हा फी. ही अट मी एका मुलाच्या आईला समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली, “हे त रेशनकार्डापेक्षा वाईट झालं.”

जे पास झाले ते गेले. पुणे, हिंजवडी, बंगळुरू, काही आखातात. जाणं चुकीचं होतं असं कोण म्हणेल? वाशिममध्ये त्या प्रमाणपत्राला गिऱ्हाईकच नव्हतं. दुकानदाराला सीसीएनए नको होता. त्याला प्रिंटर दोन मशीनवर चालायला हवा होता. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड देशात सुरू झालं, आमच्यापर्यंत टप्प्याटप्प्याने आलं. त्याआधी १७२२३३ ला फोन लावून मोडेमची किरकिर ऐकत बसायचं. त्याच वर्षांत लोडशेडिंग असं होतं की कुठला स्विच जळाला आणि कुठला नुसता बंद आहे हे कळायलाच अर्धा दिवस लागायचा. मृगाच्या आधीच्या विजा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून घरात शिरायच्या आणि मोडेम, लॅन कार्ड, कधी अख्खा मदरबोर्ड घेऊन जायच्या. आभाळ गडगडलं की आधी फोनची वायर काढा, ही एकच गोष्ट मी गिऱ्हाईकांना लेखी द्यायचो. बीएसएनएलच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत होता. त्या वेळेत माझ्या गाळ्यात दिवा असायचा. जी पोरं पुढे पास झाली त्यांनी आपला अभ्यास त्याच वेळेत उतरवून घेतला.

२०११ मध्ये संग्राम योजना आली, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आणि संगणक परिचालक. त्याच साली गावोगावी ऑप्टिकल फायबर न्यायची केंद्राची योजना मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट. कागदावर जिल्हा तेव्हाच जोडला गेला. प्रत्यक्षात रस्ता रुंद करायला जेसीबी आला की कडेची फायबर तुटायची आणि जोडणारा माणूस पुन्हा बाहेरूनच यायचा, आता एसटीऐवजी बोलेरोने. ग्रामपंचायतीतला परिचालक रोज फायबरच्या डब्यासमोर बसायचा. कुठला दिवा हिरवा हवा, कुठला लाल लागला की समजायचं लाईन गेली, हे त्याला अनुभवाने पाठ झालेलं. त्याला कोणी चार दिवस नीट शिकवलं असतं तर निम्म्या तक्रारी गावातच मिटल्या असत्या. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, तिच्यात नेटवर्किंगच्या फील्ड टेक्निशियनचा अभ्यासक्रम होता आणि तो कागदावर मला आवडला. पण बॅच संपली की केंद्र उठायचं आणि पोरं पुन्हा आमच्या गाळ्यात जॅक मारायला यायची.

२४ फेब्रुवारी २०२० ला सिस्कोने जुनी सीसीएनए बंद करून नवी आणली, २००-३०१. तिच्याखालची सीसीईएनटी नावाची पहिली पायरी होती, ती त्याच दिवशी मोडीत काढली. नव्या पेपरची फी ३०० डॉलर, वर कर. महिनाभरात टाळेबंदी आली आणि परीक्षा घरून देता यायला लागली. नागपूरची वारी चुकली हे खरं. पण अटी ऐका: खोलीत दुसरं कोणी नको, टेबल रिकामं, खोलीचे चारही बाजूंनी फोटो, कॅमेरा सतत चालू, ओठ हलवून वाचायचं नाही, मध्ये कोणी डोकावलं तर पेपर रद्द. दोन खोल्यांच्या घरात, जिथे आजी दुपारी पाणी मागते आणि शेजारचं पोर थेट आत येतं, तिथे दोन तास अशी खोली आणायची कुठून? एका मुलीने माझा गाळा मागितला. मी शटर अर्धं ओढून बाहेर पायरीवर बसलो आणि येणाऱ्या गिऱ्हाईकांना हातानेच परतवलं. ती पास झाली. आज पुण्यात आहे.

२०२३ पासून सिस्कोने पुन्हा एक सोपी पायरी काढली आहे, सीसीएसटी नावाची. म्हणजे आधी पायरी काढून टाकली, मग लक्षात आलं की लोकांचा पाय पोचत नाही. शिकायची साधनं आता फुकट आहेत. हिंदीतून शिकवणारे मोबाईलवर भरपूर आहेत, मराठीतून अजून कमी. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, शेलूबाजारहून नागपूर आता हाकेवर आलं. पोरं जाणार, जावीत.

माझं म्हणणं जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आहे. केंद्राची शाळांमधली आयसीटी योजना २००४ ची. आपल्याकडे शाळांत कराराने प्रयोगशाळा झाल्या, करार संपला की निदेशक घरी गेले आणि खोलीला कुलूप लागलं. त्या खोल्यांत कॉम्प्युटर आहेत, केबल आहे, बहुतेक ठिकाणी स्विचही आहे. चावी आठवी-नववीच्या पोरांकडे द्या. जॉर्ज वॉर्डने जे केलं ते करायला राउटर लागत नाही. एक क्रिम्पिंग टूल, एक टेस्टर आणि डबाभर जॅक पुरतात. बिघडवतील? बिघडवू द्या, तसंही ते बंदच आहे. शिकवायला माणूस नसेल तर कारंज्याच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात निरोप ठेवा, माझ्यापर्यंत येतो. पेरणीचे आठ दिवस सोडून कधीही सांगा. एसटीचं भाडं माझं मी बघीन.